व्हिसा नवऱ्याच्या मुठीत नसतो : ब्रिटनमध्ये छळ सोसणाऱ्या मराठी बाईने मदत कशी मिळवायची

“जास्त बोललीस तर व्हिसा रद्द करून टाकीन, मग बस नाशिकला जाऊन.” गावाचं नाव बदलतं, वाक्य तेच राहतं. इंग्लंडमध्ये मदत मागायला आलेल्या बायकांसोबत दुभाषी म्हणून मी गेली काही वर्षं बसते आहे. मारापेक्षाही या एका वाक्याने बायका जास्त काळ त्या घरात अडकून पडलेल्या पाहिल्या आहेत. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते: नवरा तुमचा व्हिसा रद्द करू शकत नाही. तो अधिकार फक्त होम ऑफिसचा, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याचा. नवरा फार तर ‘आमचं लग्न मोडलं’ असं कळवू शकतो. त्यानंतरही होम ऑफिस पत्र पाठवतं आणि मुदत देतं, बहुतेक वेळा ६० दिवसांची. दुसऱ्या दिवशी दारात येऊन कुणी विमानात बसवत नाही. मात्र त्याने कळवायच्या आत तुम्ही योग्य माणसाशी बोललेल्या असाल, तर तुमच्या हातात जास्त वाटा राहतात.

पुढे लिहिलेला कायदा मुख्यतः इंग्लंड आणि वेल्सचा आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये कोर्टाची पद्धत वेगळी आहे. व्हिसाचे नियम मात्र चारही ठिकाणी एकच.

आत्ता या क्षणी जिवाला धोका असेल तर

९९९ लावा. इंग्रजी अडलं तर “पोलीस, हेल्प” एवढं, आणि मग “मराठी” किंवा “हिंदी” म्हणा. फोनवर दुभाषी जोडून देतात. बोलणंच शक्य नसेल, तो शेजारच्या खोलीत असेल, तर मोबाईलवरून ९९९ लावून गप्प राहा. रेकॉर्ड केलेली सूचना ऐकू आली की ५५ दाबा, म्हणजे फोन पोलिसांकडे जातो. मात्र ५५ दाबल्याने तुमचा ठावठिकाणा आपोआप कळत नाही. पोलीस हो-नाहीत उत्तर देता येतील असे प्रश्न विचारतात. खोकून किंवा फोनवर बोटाने टकटक करूनही उत्तर देता येतं. लाइनवर राहा.

गळा दाबला गेला असेल तर, वळ दिसत नसला तरी, हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात जा. आतली इजा काही तासांनी उघड होऊ शकते. ज्या घरात एकदा गळ्याला हात लागला, तिथे पुढचा धोका फार मोठा असतो. जून २०२२ पासून गळा दाबणं हा इथे स्वतंत्र गुन्हा आहे. “रागात झालं, नंतर माफी मागितली” असं सांगताना बायकांचा हात आपोआप गळ्याकडे जातो. तिथे मी नेहमी थांबते आणि ते पुन्हा सांगायला लावते, कारण त्यांना स्वतःला ती मोठी गोष्ट वाटत नसते.

‘मारलं तर नाही ना?’

आपल्याकडे हा प्रश्न पहिला विचारला जातो. ब्रिटनचा कायदा तो विचारत नाही. डोमेस्टिक अब्यूज ॲक्ट २०२१ मध्ये शारीरिक आणि लैंगिक हिंसेसोबत मानसिक, आर्थिक आणि सतत धाकात ठेवणारा छळही येतो. पगार स्वतःच्या खात्यात वळवून घेणं, भाजीच्या पैशांचा हिशेब मागणं, पासपोर्ट कपाटात कुलूपबंद ठेवणं, नोकरी करू न देणं, इंग्रजीच्या वर्गाला जाऊ न देणं, माहेरी फोन लावला की शेजारी येऊन बसणं, या सगळ्याला नाव आहे. सततच्या धाकासाठी २०१५ पासून वेगळा गुन्हा आहे आणि त्याला ५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. लग्न झालं म्हणून शरीरावर हक्क मिळत नाही. नवऱ्याने केलेला बलात्कार इथे बलात्कारच असतो. घरात हे सगळं पाहत असलेलं मूल २०२१ च्या कायद्याने स्वतःच पीडित मानलं जातं.

आणखी एक बाब आपल्या घरांसाठी फार महत्त्वाची आहे. छळ करणारा नवराच असला पाहिजे असं नाही. सासू, सासरे, दीर, नणंदही या कायद्यात येतात. सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आलेल्या सासूने दागिने काढून घेतले, सुनेला घराबाहेर पडू दिलं नाही, तर ‘घरातली कुरबुर’ म्हणून ते बाजूला सारता येत नाही. गोऱ्या पोलिसाला सासू-सुनेचं नातं कळायला वेळ लागतो. हुंडा, स्त्रीधन, ‘मुलगा झाला नाही’ हे टोमणे त्याला समजावून सांगावे लागतात. ज्यांना हे समजावून सांगावं लागत नाही अशा संस्था इथे आहेत.

पहिला फोन कुणाला

१९७९ मध्ये लंडनच्या साउथॉलमध्ये आशियाई आणि आफ्रिकन-कॅरिबियन बायकांनी साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संस्था काढली. किरणजित अहलुवालिया या पंजाबी बाईच्या खटल्यामुळे ती देशभर माहीत झाली. दहा वर्षं मार खाल्ल्यावर १९८९ मध्ये किरणजितने नवऱ्याला पेटवून दिलं, तो मेला, आणि तिला खुनासाठी जन्मठेप झाली. संस्थेने तिची बाजू लावून धरली. १९९२ मध्ये अपील कोर्टाने खुनाची शिक्षा रद्द केली आणि त्याच वर्षी ती तुरुंगातून सुटली. दीर्घकाळ मार खाणाऱ्या बाईच्या मनाचं काय होतं याकडे इंग्लंडच्या कोर्टांना त्या खटल्याने पाहायला लावलं. व्हिसावर आलेल्या बायकांना आज ज्या सवलती मिळतात, त्यांमागेही याच संस्थेचा आणि तिच्या सोबतिणींचा अनेक वर्षांचा लढा आहे.

अशा संस्था आपल्यातल्या बायकांनी आपल्यातल्या बायकांसाठी चालवलेल्या असतात. लंडनमध्ये आशियाना नेटवर्क, बर्मिंगहॅममध्ये रोशनी, मँचेस्टरमध्ये सहेली, एडिंबरात शक्ती विमेन्स एड, ग्लासगोत हेमत ग्राइफ, वेल्समध्ये बॉसो. मराठी बोलणारी बाई तिथे भेटेलच असं नाही, पण हिंदीत काम भागतं आणि ‘माहेरी काय तोंड दाखवू’ हे वाक्य तिथे फोडून सांगावं लागत नाही. घराण्याच्या इज्जतीच्या नावाखाली धमक्या येत असतील, जातीबाहेर किंवा धर्माबाहेर नातं जोडलं म्हणून भाऊ-वडील मागे लागले असतील, तर कर्म निर्वाण या संस्थेची हेल्पलाइन ०८०० ५९९९ २४७ ही त्याच कामासाठी आहे. ती आठवड्याच्या कामाच्या दिवशी दिवसा चालते. जबरदस्तीच्या लग्नासाठी सरकारचं फोर्स्ड मॅरेज युनिट आहे: ०२० ७००८ ०१५१.

रात्री-बेरात्री लागणारा नंबर हवा असेल तर इंग्लंडसाठी ०८०८ २००० २४७, रेफ्यूज ही संस्था तो चालवते. वेल्ससाठी ०८०८ ८० १० ८००, स्कॉटलंडसाठी ०८०० ०२७ १२३४, उत्तर आयर्लंडसाठी ०८०८ ८०२ १४१४. चारही मोफत, चोवीस तास. फोन लागला की आधी एवढंच सांगा: “आय नीड मराठी ऑर हिंदी इंटरप्रिटर.” मग हा नंबर परत लावणं सुरक्षित आहे का, कोणत्या वेळी बोलता येईल, तेवढं ठरवा. पहिल्याच फोनला सगळी कहाणी सांगावी लागत नाही. नाव सांगायचीही सक्ती नसते.

मंडळातल्या काकूंना आधी सांगावं की नाही? मला विचाराल तर थांबा. त्यांची माया खरी असते, पण आपलं वर्तुळ फार लहान आहे. गणपतीत, दिवाळीच्या कार्यक्रमात तीच पन्नास कुटुंबं भेटतात, आणि “मी दोघांना समोरासमोर बसवून समजावते” या चांगल्या हेतूने तुमचा बेत त्याच्या कानावर जातो. घर सोडायच्या बेतात असलेल्या बाईसाठी ते समोरासमोर बसणं धोक्याचं असतं. एकच माणूस निवडा, शक्यतो नवऱ्याच्या ओळखीबाहेरचं. मुलाच्या शाळेतली शिक्षिका, कामावरची मैत्रीण, जीपी, म्हणजे तुमची नोंद असलेले नेहमीचे डॉक्टर.

जीपीकडे मोफत दुभाषी मिळतो. नवऱ्याला दुभाषी म्हणून आत घेऊ नका, “आय वॉन्ट टू सी डॉक्टर अलोन” म्हणा. जीपीला सांगितलेलं नोंदीत राहतं आणि पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतं. मात्र तुमचं एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) ॲप नवऱ्याच्या फोनवर उघडत असेल तर ही नोंद ऑनलाइन दिसू देऊ नका, असं डॉक्टरला सांगा. ते तसं करू शकतात.

तुमचा व्हिसा कोणता? सगळा रस्ता इथे फुटतो

हा भाग नीट वाचा, कारण इथली चूक नंतर दुरुस्त करता येत नाही.

नवरा ब्रिटिश नागरिक आहे किंवा त्याला इथे कायम राहण्याची परवानगी, म्हणजे आयएलआर, आहे आणि तुम्ही त्याच्या बायकोच्या, स्पाउस व्हिसावर आहात, तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे. छळामुळे लग्न मोडलं हे दाखवता आलं तर तुम्हाला स्वतःच्या नावावर कायमचा राहण्याचा हक्क मागता येतो. पाच वर्षं पूर्ण व्हावी लागत नाहीत, इंग्रजीची परीक्षा नाही, लाइफ इन द यूके चाचणीही नाही. अर्जाची फी ३ हजार पौंडांच्या घरात आहे, पण हातात पैसे नसलेल्या बाईला ती माफ होते. या अर्जासाठी कायदेशीर मदतनिधीतून, लीगल एडमधून, वकीलही मिळू शकतो.

पण त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत खायचं काय, राहायचं कुठे? तुमच्या व्हिसावर ‘नो पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी भत्ते मागता येणार नाहीत, अशी अट असते. त्यामुळे घरभत्ता मिळत नाही, आणि घरभत्ता नसला की निवारागृहाला तुमच्या खोलीचं भाडं मिळत नाही. कित्येक बायका या अटीमुळे दारातून परत गेल्या. ती कोंडी फोडण्यासाठी २०१२ मध्ये एक सवलत आली, तिला २०२४ पासून मायग्रंट व्हिक्टिम्स ऑफ डोमेस्टिक अब्यूज कन्सेशन म्हणतात. ती मिळाली की ३ महिन्यांची वेगळी परवानगी मिळते आणि तेवढ्यात युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता आणि घरभत्ता मागता येतो. त्याच ३ महिन्यांच्या आत कायम राहण्याचा अर्ज टाकायचा. तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

आता दुसरा गट, आणि मराठी बायका बहुतेक याच गटात येतात. नवरा आयटीत किंवा हॉस्पिटलमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर आणि तुम्ही त्याच्या डिपेंडंट. किंवा तो शिकायला आला आणि तुम्ही सोबत आलात. २०२४ पासून ही ३ महिन्यांची सवलत याही बायकांना मागता येते. पण त्यानंतर कायम राहण्याचा दरवाजा त्यांच्यासाठी उघडत नाही. त्याहून मोठा धोका असा की सवलत मिळाली की तुमचा सध्याचा डिपेंडंट व्हिसा संपतो. त्यावर दोन वर्षं शिल्लक असली तरी ती जातात. म्हणून या गटातल्या बाईने घाईने तो फॉर्म भरू नये. आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलावं.

वकील काय पाहील? तुम्ही नोकरी करत असाल तर तुमची कंपनी तुम्हाला स्वतःचा स्किल्ड वर्कर व्हिसा देऊ शकते का. मुलं इथे किती वर्षं आहेत, त्यांचं नागरिकत्व काय. स्वतः शिकण्यासाठी व्हिसा बदलता येतो का. आणि कधीकधी, सन्मानाने, पूर्ण तयारीनिशी भारतात परतणं हाच सगळ्यात शहाणा मार्ग निघतो. हे ऐकायला नको वाटतं, पण ते बाईने स्वतः ठरवणं आणि नवऱ्याने रात्री विमानात बसवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मिळालेले ३ महिने तिला त्या ठरवण्यासाठी मिळतात.

व्हिसाची मुदत उलटून गेली असेल तरी वाटा आपोआप बंद होत नाहीत. फक्त अशा वेळी पोलिसांकडे जायच्या आधी शक्य असेल तर वर सांगितलेल्या संस्थांपैकी एकीशी बोला, कारण पोलीस तुमची माहिती होम ऑफिसला देऊ शकतात. जीव धोक्यात असेल तर मात्र हा विचार करत बसू नका, ९९९ लावा.

सल्ला कुणाकडून घ्यायचा हेही पाहा. इथे इमिग्रेशनचा सल्ला फक्त सॉलिसिटरसारखा मान्यताप्राप्त वकील किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंद असलेला सल्लागारच कायद्याने देऊ शकतो. ‘ओळखीचा एजंट’ नको. राइट्स ऑफ विमेन ही संस्था बायकांना फोनवर मोफत कायदेशीर सल्ला देते, कौटुंबिक कायद्याचा आणि इमिग्रेशनचाही.

आता व्हिसाचं कार्ड नसतं, ई-व्हिसा असतो, आणि तो यूकेव्हीआयच्या, म्हणजे होम ऑफिसच्या व्हिसा विभागाच्या, ऑनलाइन खात्यात दिसतो. ते खातं बहुतेक घरांत नवऱ्याने स्वतःच्या ईमेलवर उघडलेलं असतं. म्हणजे लॉगइनचा कोड त्याच्याकडे जातो आणि तुमचा व्हिसा तुम्हालाच दाखवता येत नाही. स्वतंत्र ईमेल काढा आणि खात्यातला ईमेल-फोन बदलून घ्या. बदलाची सूचना जुन्या ईमेलवर जाऊ शकते, म्हणून हे घर सोडल्यावर किंवा वकिलाने सांगितलेल्या वेळी करा.

गुपचूप तयारी

आधी फोन. तुमचा आयफोन त्याच्या ॲपल खात्यावर आहे का? गुगल मॅप्सवर तुमचं लोकेशन त्याला दिसतं का? दाराच्या घंटीला कॅमेरा आहे का, गाडीचं ॲप कुणाकडे आहे? सगळं एकदम बंद केलं तर त्याला संशय येतो. त्यापेक्षा शोधाशोध लायब्ररीच्या संगणकावर करा, फोन मैत्रिणीच्या मोबाईलवरून करा. माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो असेल तर तिथे अवाक्षर नको.

पुरावा जमवायचा म्हणजे चोरून कॅमेरे लावणं नव्हे. तारीख, वेळ, काय झालं, कोण हजर होतं, हे चार ओळींत, मराठीतच लिहा आणि स्वतःच्या नव्या ईमेलवर पाठवत राहा. जखमेचा फोटो काढताना चेहराही त्यात येऊ द्या. धमकीचे मेसेज पुसू नका. शिव्या मराठीत आहेत म्हणून त्या निरुपयोगी नाहीत, भाषांतर होतं.

कागदांचे फोटो काढा: पासपोर्ट, मुलांचे पासपोर्ट आणि ओसीआय, लग्नाचा दाखला, जन्मदाखले, नॅशनल इन्शुरन्स नंबर, बँकेची स्टेटमेंट, त्याच्या पगाराची स्लिप दिसली तर तीही. पासपोर्ट त्याच्या कुलपात असेल तर त्यावरून भांडण काढू नका. भारतीय उच्चायुक्तालयातून नवा मिळवता येतो. स्त्रीधनाचे दागिने नेता आले तर न्या, नाही तर त्यांचे फोटो आणि लग्नातले तेच दागिने घातलेले फोटो जपून ठेवा.

घर सोडण्याचा दिवस

सगळ्यात धोक्याची वेळ हीच असते. “मी चालले” असं त्याला तोंडावर सांगू नका. तो कामावर असताना निघा, आणि संस्थेतल्या कार्यकर्तीशी दिवस-वेळ ठरवूनच निघा. धोका मोठा असेल तर तुम्हाला एक स्वतंत्र सल्लागार मिळते, तिला इथे ‘इडवा’ म्हणतात. पोलीस, कौन्सिल (इथली स्थानिक पालिका), हॉस्पिटल, कोर्ट या सगळ्यांशी तुमच्या वतीने ती बोलते. माझ्या अनुभवात बाईची गाडी पुढे नेणारं माणूस बहुधा हीच असते.

निवारागृह म्हणजे काय, याची आपल्या मनात उगीच धास्ती असते. ते साधं घर असतं. तुम्हाला आणि मुलांना एक खोली, सामाईक स्वयंपाकघर, पत्ता गुप्त. बहुतेक वेळा दुसऱ्या गावात पाठवतात. आशियाई बायकांच्या निवारागृहात फोडणीच्या वासावरून कुणी नाक मुरडत नाही, ही गोष्ट लहान वाटते, पण पहिल्या आठवड्यात फार मोठी असते. मोठा मुलगा सोबत असेल तर वयाची अट आधी विचारा. काही ठिकाणी १२-१३ वर्षांवरच्या मुलांना घेत नाहीत, मग वेगळी सोय करतात.

पब्लिक फंड्सची मुभा असेल तर कौन्सिलकडे बेघर म्हणून अर्ज करता येतो. छळामुळे घर सोडलेल्या बाईला इंग्लंडमध्ये २०२१ पासून अग्रक्रम आहे, आणि तुम्ही कोणत्याही कौन्सिलकडे जाऊ शकता. ‘तुमचा या भागाशी संबंध काय’ म्हणून परत पाठवलं तर इडवाला सांगा. मुभा नसेल आणि मुलं असतील, तर चिल्ड्रन ॲक्ट १९८९ च्या कलम १७ खाली मुलांसाठी निवारा आणि खर्च मागता येतो. ती मदत ‘पब्लिक फंड्स’मध्ये मोजत नाहीत.

पोलीस आणि कोर्ट

पोलिसांकडे गेलात तर तुमचा जबाब वेगळ्या खोलीत, दुभाष्यासह घ्यायला सांगा. एक फरक आधीच समजून घ्या: आपल्याकडे ‘केस मागे घे’ म्हणून दबाव येतो, तसं इथे चालत नाही. खटला चालवायचा की नाही हे सरकारी वकील, म्हणजे क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिस, ठरवते. सासरचे फोन करून “तू एक सही कर, सगळं मिटेल” म्हणाले, तर “माझ्या हातात नाही” हे उत्तर खरंही आहे आणि सोपंही. “त्याचं करिअर बरबाद करशील” हेही ऐकावं लागतं. करिअर त्याने स्वतःच्या हाताने धोक्यात घातलेलं असतं.

पोलिसांकडे जायचं नसेल तरी कौटुंबिक कोर्टातून संरक्षण मिळतं. नॉन-मोलेस्टेशन ऑर्डर घेतली की त्याला तुमच्याजवळ येता येत नाही, धमकावता येत नाही. एफएल४०१ हा फॉर्म भरायचा, फी नाही. धोका असेल तर त्याला न कळवता, त्याच दिवशीही आदेश मिळू शकतो. आदेश मोडला तर तो गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत शिक्षा. नवा पत्ता त्याला कळू नये म्हणून सी८ हा फॉर्म वेगळा भरा. यासाठी लीगल एड मिळतं. उत्पन्न जास्त असलं तरी अर्ज करता येतो, फक्त काही वाटा भरावा लागू शकतो. त्याने घराबाहेर व्हावं आणि तुम्ही तिथेच राहावं असं हवं असेल तर ऑक्युपेशन ऑर्डर वेगळी मागायची. ती नॉन-मोलेस्टेशनइतकी सहज मिळत नाही.

मुलांबाबत दोन गोष्टी

“सोशल वर्कर मुलं काढून घेतात” ही भीती बायकांच्या मनात घट्ट बसलेली असते, आणि नवरे ती पोसतात. सोशल वर्करला मुलं सुरक्षित हवी असतात. आईने मदत मागितली, सुरक्षित जागी गेली, तर तिला मुलांसह उभं करण्याकडेच कल असतो.

दुसरी गोष्ट त्याहून नाजूक. भारताने १९८० च्या हेग करारावर सही केलेली नाही. नवऱ्याने मुलांना भारतात नेऊन ठेवलं तर इथल्या कोर्टाला ती परत आणणं फार कठीण जातं. तशी धमकी आली असेल तर त्याच आठवड्यात प्रोहिबिटेड स्टेप्स ऑर्डर मागा, म्हणजे मुलांना देशाबाहेर नेता येत नाही. नेण्याचा बेत समोर असेल तर पोलीस विमानतळांना कळवू शकतात. पण हीच सुरी उलटीही चालते. “मुलांना घेऊन सरळ माहेरी ये” असा सल्ला आई मायेने देते. नवऱ्याची संमती किंवा कोर्टाची परवानगी नसताना मुलांना देशाबाहेर नेणं तुमच्यासाठीही गुन्हा ठरू शकतो. आधी वकील, मग तिकीट.

सुट्टीला म्हणून नेलं आणि भारतात सोडून दिलं तर

हे इतक्यांदा घडतं की त्याची रीत ठरून गेली आहे. “आईला भेटून येऊ” म्हणून नेतात, पुण्यात किंवा कोल्हापुरात पासपोर्ट काढून घेतात, नवरा एकटा परत जातो. नंतर लंडनहून घटस्फोटाचे कागद येतात. नवरा ब्रिटिश किंवा आयएलआरवाला असेल, तर ३१ जानेवारी २०२४ पासून अशी बाई भारतातूनही परत जाण्याचा आणि तिथे कायम राहण्याचा अर्ज करू शकते. प्रवासाआधीच मनात शंका आली असेल तर पासपोर्ट आणि ई-व्हिसाचे फोटो कुणा विश्वासू माणसाकडे पाठवून ठेवा. विमानतळावर पोहोचल्यावर मन पालटलं तरी तिथल्या कोणत्याही अधिकाऱ्याला “मला जायचं नाही” असं सांगता येतं.

घटस्फोटाचे कागद आले तर ते बाजूला टाकू नका. एप्रिल २०२२ पासून इंग्लंडमध्ये कारण न देता घटस्फोट मागता येतो, आणि उत्तर द्यायला मोजकेच दिवस असतात. भारतातल्या कोर्टाने असा एकतर्फी विदेशी घटस्फोट मानलाच पाहिजे असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये नरसिंह राव खटल्यात त्यावर कडक अटी घातल्या. पण ‘भारतात चालत नाही’ म्हणून गप्प बसलात तर इंग्लंडातला पैशांचा, घराचा वाटा हातचा जातो. दोन्हीकडचा वकील लागेल.

भारतात गुन्हा नोंदवायचा तर नवरा आणि सासरच्यांच्या क्रूरतेसाठी जुन्या ४९८अ ऐवजी आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आहे. सासर जिथे आहे तिथेच तक्रार द्या, असं ठाण्यात सांगितलं तर रूपाली देवी खटल्याचं नाव घ्या. सासर सोडून बाई जिथे आसऱ्याला आली, तिथेही तक्रार देता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आहे. म्हणजे माहेर ज्या ठाण्याच्या हद्दीत आहे, तिथे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडेही जाता येतं. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील देतं. परदेशातल्या नवऱ्यांच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगाचा एनआरआय कक्ष आहे, आणि परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल.

माहेरच्यांसाठी

लेक अचानक फोनवर कमी बोलू लागली, व्हिडिओ कॉल टाळू लागली, कायम स्पीकरवरच बोलते, भारतात येण्याचा बेत दर वेळी शेवटच्या क्षणी मोडतो, तर “सगळं ठीक ना?” असं स्पीकरवर विचारू नका. ती “हो” म्हणणारच. पुढच्या भेटीत, किंवा ती कामावर असताना, एक खुणेचं वाक्य ठरवा. “आजीच्या पुरणपोळीचं प्रमाण पाठव” असं काहीही चालेल, घरात रोज निघणारं नसावं एवढंच. ते आलं की तुम्ही काय करायचं हेही आत्ताच ठरवा. तिच्या गावच्या पोलिसांना भारतातून ९९९ लावता येत नाही. तिचा पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड लिहून ठेवा, तिच्या भागातल्या पोलिसांच्या वेबसाइटवर परदेशातून लावायचा नंबर असतो, तो शोधून त्याच कागदावर लिहा, आणि तिच्या जवळ राहणाऱ्या एका विश्वासू माणसाचा नंबरही.

ती घर सोडून निघाली तर तिच्या नवऱ्याचा, सासूचा फोन तुम्हालाच येणार. “ती कुठे आहे?” याला “आम्हाला माहीत नाही, ती बरी आहे” एवढंच उत्तर. पत्ता, गाव, स्टेशनचं नाव, काही नाही. नातेवाइकांनाही नाही. आणि तिचा पहिला फोन आला की आधी विचारा: जेवलीस का, औषधं आहेत का, मुलं झोपली का. व्हिसाचं, वकिलाचं, सासरचं बोलणं दुसऱ्या दिवशी.